व्हय म्हणजे ऐकलं

आमच्याकडे बोलणाऱ्याला हुंकार द्यायची रीत आहे. समोरचा माणूस काही सांगायला लागला की ऐकणाऱ्याने मधूनमधून ‘व्हय’ म्हणायचं, ‘हूं’ म्हणायचं, ‘मग?’ म्हणायचं. काहीच म्हटलं नाही तर बोलणारा थांबतो आणि विचारतो, झोपलीस का गं? तरीही काही म्हटलं नाही तर रुसून उठून जातो. म्हैस हरवल्याचं सांगणाऱ्याला हुंकार द्यायचा आणि सुनेच्या कागाळ्या सांगणाऱ्या सासूलाही द्यायचा, सून शेजारी तांदूळ निवडत बसली असली तरी. त्यात कुणाची बाजू घेतली असं होत नाही. तुझं बोलणं मी खाली पडू दिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

माझा मुलगा देहूरोडला डेपोत कामाला आहे. फोनवर तो बोलत असतो आणि मी व्हय व्हय करत असते.

“आये, नुसतं व्हय व्हय काय करतीस? मी काय म्हनलो सांग बरं.”

मी त्याने सांगितलेलं सगळं परत सांगते.

“मग येनार का आमच्याकडं ऱ्हायला?”

“न्हाई.”

“आत्ता तर व्हय म्हनलीस!”

“ऐकलं म्हनून म्हनले. येते म्हनून न्हाई म्हनले.”

तो कपाळावर हात मारत असणार. फोनमधून दिसत नाही, पण आवाजावरून कळतं. तिकडे राहून तो ही रीत विसरला आहे.

या रीतीचा एका माणसाने आमच्यावर वापर केला. त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

आमचं गाव आंदर मावळात. कान्ह्याच्या स्टेशनात उतरून जीपने यायचं, आणि जीप नसली तर चालायचं. पावसात इथे पाण्याला तोटा नसतो. भाताच्या खाचरातून, घराच्या भिंतीतून, चुलीच्या राखेतूनही पाणी येतं. पण चैत्र लागला की आड आटतो, पंचायतीच्या नळाला वारा येतो, आणि मग गावाला आणि वरच्या ठाकरवाडीला एकच आधार, डोंगराच्या कुशीतला झरा. तो कधी आटलेला मी पाहिला नाही. झऱ्याकडे जायची वाट एका माळावरून जाते. त्या माळाचा मालक मुंबईला असायचा. त्याने कधी कुणाला अडवलं नाही. माझ्या सासूच्या आधीपासून बाया त्याच वाटेने पाणी आणतात.

तो माळ विकला गेला. तिथे बंगले बांधायचे म्हणून एक माणूस आला. गावात सगळे त्याला साहेब म्हणत, म्हणून मीही साहेबच लिहिते.

भाताची झोडणी संपून गाव जरा मोकळं झालं होतं तेव्हा साहेबाने मारुतीच्या देवळात सभा बोलावली. म्हणजे सरपंचाने बोलावली. आमची सरपंच बाई आहे, पण सरपंचकी तिचा नवरा करतो, आणि नवऱ्याने साहेबासाठी बोलावली. साहेबाने बूट देवळाबाहेर काढून भिंतीला जोडून सरळ ठेवले. आत आल्यावर आधी आबांच्या पाया पडला. आबा म्हणजे गावातले सगळ्यात म्हातारे. मग बायकांकडे वळून, “मावशी, पुढं या की, मागं कशाला बसलात?” कुठे काय करायचं याचा अभ्यास करून आला होता. आम्ही पुढे गेलो नाही, पण बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

मग तो बोलायला उभा राहिला. त्याने आधी लहान लहान वाक्यं टाकली.

“आपल्याकडं पाऊस लय पडतो.”

“व्हय,” लोक म्हणाले.

“पावसात लाईट जाते.”

“व्हय.”

“पोरं शिकली, पण काम कुठंय?”

“व्हय, व्हय.”

“मोकाट गुरं रस्त्यावर जातात. गाडीखाली येतात.”

“व्हय वं,” आबा सगळ्यात मोठ्याने म्हणाले. त्यांचा खोंड गेला होता आदल्या साली.

सगळं खरं होतं. एकाही वाक्याला नाही म्हणायची सोय नव्हती. लोकांच्या माना हलायला लागल्या, तोंडं चालायला लागली. बैल जुंपला की पहिले चार फेरे त्याला हाकावं लागतं, मग तो आपोआप फिरतो, तसं झालं. सरपंचीणबाईचा नवरा समोरून मोबाईलवर सगळं टिपत होता. लग्नाबिग्नाला टिपतात तसंच असेल असं आम्हाला वाटलं.

आणि मग साहेबाने लांब वाक्य काढलं. ते माझं आता पाठ आहे. का पाठ आहे ते पुढे सांगते. वाक्य असं होतं:

“तर आपल्याच गावाच्या सुरक्षिततेसाठी, आपली गुरं माळावरून रस्त्याला जाऊ नयेत म्हणून, कुणी अनोळखी माणूस गावात शिरू नये म्हणून, त्या वाटेवर एक फाटक बसवण्यात येणार आहे, आणि या मारुतीरायाच्या पुढं आम्ही आमच्या खर्चानं, तुम्हाला पावसात उभं राहावं लागू नये असा, मोठा सभामंडप बांधून देणार आहोत!”

“व्हय!” सगळं देऊळ म्हणालं. टाळ्यासुद्धा वाजल्या.

आता ते वाक्य उलगडून बघा. डोक्याला आमची गुरं. शेपटाला आमचा मारुती. आणि फाटक मध्ये, पोटात, जिथे कुणी हात घालत नाही. आपल्या भाषेत माणूस शेवटपर्यंत ऐकतो, कारण काय होणार ते शेवटीच कळतं. हुंकार पडतो तो वाक्य जिथे खाली बसतं तिथे. त्याने वाक्य मंडपावर नेऊन बसवलं. आम्ही हुंकार दिला मंडपाला, आणि तो लागला फाटकाला.

दुसरं बघा. मंडप कोण बांधणार? ‘आम्ही’. फाटक कोण बसवणार? कुणीच नाही. ते ‘बसवण्यात येणार’. उंबराच्या झाडाला उंबर लागावं तसं ते वाटेवर लागणार. चांगल्या कामाला माणूस होता, वाईट कामाला माणूसच नव्हता. भांडायचं म्हटलं तर कुणाशी भांडणार?

वाक्य कसं लावायचं हे मला कळत नाही असं नाही. शाळा चौथीपर्यंतची, पण मी कित्येक पावसाळे लोणावळ्याला पॉइंटवर कणसं भाजून विकली आहेत. माझ्या शेजारी एक बाई बसायची. तिची कणसं माझ्यापेक्षा कोवळी, पण गिऱ्हाईक आलं की ती आधी दर सांगायची. लोक दर ऐकून पुढे जायचे. मी म्हणायचे, “सकाळी तोडलंय ताई, हात लावून बघा,” मग दर बारीक आवाजात, आणि त्याच दमात, “लिंबू-तिखट चोळून देते, धूर निघतोय तोवर खायचं.” शेवट लिंबावर. दरावर शेवट केला तर माणूस खिशाकडे बघतो. लिंबावर केला तर त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. हे मला कुणी शिकवलं नाही. पावसात पाटी डोक्यावर परत न्यावी लागली की आपोआप येतं.

म्हणून तर जास्त चिडले. मी कणीस विकत होते आणि ते खाणाऱ्याच्या हातात पडत होतं. नाही आवडलं तर तो माझ्या तोंडावर म्हणू शकत होता. या माणसाने आमच्याच तोंडून आमचीच वाट काढून घेतली, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

शिमगा झाला आणि फाटक बसलं. लोखंडी, हिरव्या रंगाचं, दोन्ही बाजूला तारेचं कुंपण. चैत्रात आड आटला. पहिल्या दिवशी झऱ्यावर निघाली ती माझी वाडीवरची सोबतीण. आम्ही दोघी वर्षानुवर्षं एकमेकींच्या आवणीला जातो. आधी तिचं खाचर लावायचं की माझं, यावर दर साली भांडतो. ती रिकामा हंडा घेऊन माझ्या दारात आली.

“कुलूप हाय फाटकाला.”

“राखनदार हाय ना? त्याला सांगायचं.”

“सांगितलं. त्यो म्हनतो, आत जायाची परवानगी न्हाई. कुनाची म्हनलं, तर म्हनतो, तसं ठरलंया.”

“कुटं ठरलंया?”

“तुमच्या देवळात,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला हंडा उचलून फेकावासा वाटला. वाडीची माणसं देवळात पायरीवर बसतात, आत येत नाहीत. आत बसणारे आम्ही होतो.

मी तशीच पंचायतीत गेले. सरपंचीणबाईचा नवरा पंख्याखाली बसला होता. मी बोलायला लागले. पण मी कशी बोलले? सासूपासून सुरू केलं. सासू कशी पाणी आणायची, मग माळाचा जुना मालक किती भला होता, मग दुष्काळातही झरा कसा आटला नाही, मग माझे गुडघे. मध्ये दोन शिव्या आल्या. तो माझं ऐकत मोबाईलवर बोट फिरवत होता. मला जे म्हणायचं होतं त्यापर्यंत मी पोचलेच नव्हते, आणि त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला.

“हे बगा आत्या. तुमीच हाय ना ही? हिरव्या लुगड्यातली?”

मीच होते. साहेब म्हणतोय, “…मोठा सभामंडप बांधून देणार आहोत!” आणि मी म्हणतेय, व्हय.

“आरं, मी ऐकलं म्हनून म्हनले!”

“आता व्हय म्हंजी व्हय, आत्या. सगळ्या गावानं व्हय म्हनलंय. ह्याच्यात रेकॉर्ड हाय.”

“तुज्या बायकोला विचार, घरात ती किती येळा व्हय म्हनती आन् किती येळा ऐकती.”

पंख्याखालची दोन माणसं हसली. तो हसला नाही. त्याने पुन्हा एकदा ते लावून दाखवलं. ज्याला त्याला तो ते दाखवत होता, आणि मग पोरांनी ते घरोघर पाठवलं, त्यामुळे मला ते वाक्य पाठ झालं. स्वतःच्या तोंडचा व्हय इतक्या वेळा ऐकला की तो थुंकावासा वाटायला लागला.

मुलाला फोन केला. म्हटलं हा तरी चिडेल. तो म्हणाला, “आये, उठून न्हाई म्हनायचं ना तवाच.”

“कशाला न्हाई म्हनू? मंडपाला?”

“फाटकाला.”

“फाटक त्यानं म्हनलं कवा आन् पुढं गेला कवा? मी हात वर करस्तोवर मारुती आला मधी.”

“मग आता काय, चुकलंच तुमचं.”

मी फोन ठेवून दिला. चुकलं तुमचं! बोलणाऱ्याचा मान ठेवला ते आमचं चुकलं, आणि ज्याने त्या मानाचं कुलूप केलं त्याचं काही चुकलं नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही टेकाडाला वळसा घालून, ओढ्याच्या दगडांतून झऱ्यावर जात होतो. जाताना रिकामं जायचं म्हणून ठीक, येताना डोक्यावर हंडा आणि पायाखाली सुटे दगड. वाडीतली एक पोटुशी बाई पडली. तिला काही झालं नाही, पण हंडा पार चेपला आणि ती तिथेच बसून रडली. त्या दिवसापासून माझं डोकं त्या वाक्यावरच अडकलं. चालताना ते मनातल्या मनात मांडायचे आणि मोडायचे. आणि एकदा मांडायला लागल्यावर मला सगळीकडे तीच वाक्यं दिसायला लागली. जीपवाला कधीतरी आला नाही तर दुसऱ्या दिवशी म्हणतो, “काल गाडी आली नाही.” आरं, गाडी आली नाही की तू आणली नाहीस? विजेच्या ऑफिसात म्हणतात, पुरवठा खंडित करण्यात आला. कान्ह्याच्या स्टेशनात भोंगा सांगतो, गाडी रद्द करण्यात आली आहे. जिथे आपलं नुकसान आहे तिथे माणूस सापडत नाही. आणि उद्घाटनाला बघा, पाटीवर नावं मावत नाहीत.

वैशाखात पुन्हा सभा ठरली. सरपंचीणबाईच्या नवऱ्याने घरोघरी सांगितलं की साहेब झऱ्याच्या पाण्याचं काहीतरी मोठं करणार आहे. तेव्हा कळलं की वाट ही सुरुवात होती. बंगल्यांना पाणी लागणार, आणि पाणी तर एकाच ठिकाणी आहे.

आम्ही बायका झऱ्यावर बसलो होतो. कुणी म्हणत होतं सभेला जायचंच नाही. कुणी म्हणत होतं जाऊन ओरडायचं. ओरडून काय होतं ते मी पंचायतीत बघून आले होते. मी म्हटलं, “जायाचं. पुढं बसायचं. आन् हुंकार द्यायाचा न्हाई.”

“हुंकार न्हाई?” वाडीवरची सोबतीण म्हणाली. “आन् त्यो बोलत असताना?”

“तोंड मिटून बसायचं.”

“लय वंगाळ दिसंल.”

“दिसू दे.”

बायका तयार झाल्या, पण पुरुषांना पटवणं कठीण गेलं. आबा तर चिडलेच. “मानूस बोलतोय आन् आपन मुकं बसायचं? असं कोन करतं? ही काय रीत झाली?”

“आबा, त्यानं रीत मोडली. आपन तिला नुसतं त्या सभेपुरतं घरात ठेवतोय.”

“मला न्हाई जमायचं. माज्या तोंडातनं आपसूक येतं.”

“मग तंबाकू धरा तोंडात. सभा संपस्तोवर थुकायचं न्हाई.”

आबांनी खरंच तसं केलं. गालाचा फुगा करून ते पहिल्या रांगेत बसले. वाडीची माणसं त्या दिवशी पायरीवर थांबली नाहीत, आत आली. मी कुणाला बोलावलं नव्हतं. माझी सोबतीण पुढे चालायला लागली आणि बाकीची तिच्या मागून आली.

साहेबाने बूट सरळ ठेवले, पाया पडला, हसला.

“यंदा ऊन लय कडक आहे.”

कुणी काही बोललं नाही. देवळात एक पाल चुकचुकली, तेवढंच.

त्याने इकडे तिकडे बघितलं. “म्हणजे… पाण्याचे हाल होतात.”

शांत.

“होतात की नाही? मावशी?”

मी त्याच्याकडे बघत राहिले. आबांचा गाल थरथरत होता. त्यांचे डोळे पाणावले होते, तंबाखूने की हुंकार गिळल्याने, देव जाणे.

साहेबाने पाण्याचा घोट घेतला आणि लांब वाक्य सुरू केलं. “तर आपल्या माताभगिनींचे कष्ट कमी व्हावेत, डोक्यावरचा हंडा उतरावा, या हेतूनं झऱ्यावर टाकी बांधण्यात येऊन पाण्याचं योग्य नियोजन करण्यात येईल, आणि आम्ही तुमच्या दारात…” इथे त्याने थांबून आमच्याकडे बघितलं. मागच्या वेळी लोकांनी ‘व्हय’ने वाक्य उचललं होतं. या वेळी कुणी उचललं नाही. “…तुमच्या दारात, म्हणजे, नळ,” तो म्हणाला, आणि वाक्य तिथेच पडलं. त्याने ते पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा म्हटल्यावर त्यातली टाकी सगळ्यांना स्पष्ट दिसली. सरपंचीणबाईच्या नवऱ्याने मोबाईल खाली घेतला. टिपण्यासारखं काही नव्हतं.

मग मी उठले.

“फाटक कुनी बसवलं?”

“मावशी, ते मागच्या सभेत ठरल्याप्रमाणे बसवण्यात आलं.”

“बसवन्यात आलं ते दिसतंय. गुडग्याला लागलंय माज्या. कुनी बसवलं?”

“कंपनीनं.”

“कंपनी हितं बसलीया का? हात वर करा म्हनावं.”

लोक हसले. आबाही हसले आणि त्यांना तंबाखूचा ठसका लागला.

“माझ्या सांगण्यावरून बसवलं,” तो शेवटी म्हणाला. आवाज उतरला होता.

“मग तुमीच काडा.”

त्यावर तो पुन्हा त्याच्या जुन्या बोलण्यात शिरला. वरिष्ठांशी चर्चा करून योग्य तो निर्णय घेण्यात येईल, वगैरे. सरपंचीणबाईचा नवरा घाईने म्हणाला, “चला, चा झालाय, सगळ्यांनी चा घ्या.”

“चा नको,” वाडीवरची सोबतीण म्हणाली. “चावी द्या.”

चावी मिळाली नाही. पण टाकीचं बोलणं त्या दिवशी गाडलं गेलं, कारण त्याला व्हय म्हणणारं एकही माणूस मिळालं नाही. त्याने मागच्या वेळचं सगळं आमच्या व्हयवर उभं केलं होतं. तो व्हयच नव्हता म्हटल्यावर त्याच्याकडे स्वतःचं असं काहीच नव्हतं.

फाटक मात्र तसंच. मग रविवार आला. रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या माळ बघायला यायच्या, बंगला घ्यायचा म्हणून. आम्ही बायका सकाळीच फाटकासमोर हंडे मांडून बसलो. राखणदार बिचारा मराठवाड्यातला, घर सोडून इथे आलेला, तो म्हणाला, “आजी, माझी नोकरी जाईल.” मी म्हटलं, “आमी तुला काय म्हनतोय का? बस तू सावलीत.”

पहिली गाडी आली. आतून एका बाईने काच खाली केली. “काय झालं? कशाला बसलाय तुम्ही?”

गाडीची काच किती वेळ खाली राहते हे मला लोणावळ्याने शिकवलं आहे. एका वाक्यापुरती. दुसरं वाक्य सुरू केलं की ती वर जाते. पंचायतीसारखं सासूपासून सुरू केलं असतं तर गाडी आत गेली असती. मी म्हटलं, “ह्या साहेबानं आमच्या पान्याची वाट कुलूप लावून बंद केलीया, बाई.” एवढंच. माणूस पहिला, आणि कुलूप त्याच्या हातात.

बाईने काच वर केली नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग हंड्यांकडे, मग फाटकापलीकडे उभ्या साहेबाकडे. साहेब हसत पुढे येत होता. “मॅडम, थोडा स्थानिक गैरसमज झालेला आहे…” गाडी मागे वळली. पुढच्या गाडीला मी तेच सांगितलं, तेवढ्याच शब्दांत. त्यात एक शब्द वाढवला नाही. माझ्या सोबतिणीला मध्येच पोटुशा बाईचं सांगायचं होतं, मी तिला गप्प केलं. ती नंतर माझ्यावर रागावली, आणि ते बरोबरच होतं. पण त्या दिवशी मला बरोबर बोलायचं नव्हतं, गाड्या वळवायच्या होत्या.

दुपार व्हायच्या आत साहेबाने राखणदाराला कुलूप काढायला लावलं. आम्ही त्याचे आभार मानले नाहीत. हंडे उचलले आणि आत गेलो.

इथे मी थांबले असते. पण पुढच्या आठवड्यात फाटकाशेजारच्या लाकडी खांबाला एक पत्र्याची पाटी आली. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. माझ्या सोबतिणीला वाचता येत नाही.

“काय लिवलंया?”

मी अक्षराला अक्षर लावून वाचलं. “‘ग्रामस्थांच्या सोयीसाठी हे फाटक दिवसा खुले ठेवण्यात आले आहे.’”

“म्हंजी?”

“म्हंजी आपल्यावर उपकार झालेत.”

“कुनाचे?”

“ते लिवलेलं न्हाई.”

ती हसली. मला हसू आलं नाही. मला माहीत आहे, पाच वर्षांनी कुणी नवीन माणूस ती पाटी वाचेल आणि म्हणेल, बघा किती चांगले लोक. आम्ही उन्हात बसलो होतो हे त्यात नाही. ती बाई दगडात पडली हे नाही. कुलूप होतं हेही नाही. ‘दिवसा’ हा शब्द मात्र मध्ये हळूच घातलाय, म्हणजे रात्रीचं फाटक पुन्हा त्याचंच. ज्याने बंद केलं त्यालाच खुलं ठेवल्याचं श्रेय, आणि तेही नाव न लावता, उगीच कुणी विचारू नये म्हणून.

मी हंडा खाली ठेवला, कुंपणाशी पडलेला सळईचा एक तुकडा घेतला आणि पाटीचे खिळे उचकटले. माझी सोबतीण बाजूला उभी राहून “वाकडा हाय, वाकडा हाय, हिकडनं धर” करत होती. राखणदार धावत आला.

“आजी, काय करताय? साहेब विचारतील पाटी कुठं गेली. काय सांगू मी? पडली म्हणून सांगू?”

“पडली न्हाई. मी काडली. तसंच सांग.”

“तुमचं नाव सांगू?”

“नाव, घर, समदं सांग. पाटी हवी आसंल तर माज्या दारात ये म्हनावं.”

साहेब अजून आला नाही. पत्रा दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवलाय, अक्षरं बाहेरच्या बाजूला.